गरव्या भाताचं चिनी अक्षर

कुळगी, ता. ३ सप्टेंबर १९०९

चि. परशू यास पुतळीअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. हाँगकाँगच्या छावणीत पोटभर जेवत जा.

माझं मन मात्र थाऱ्यावर नाही. यंदा मी आपल्या आईकडचं गरवं, उशिरा पिकणारं बी पेरलं. चुलतसासरे येसाजीमामांचं लवकर येणारं हळवं भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्यासुद्धा, आणि माझ्या शेतात नुसतं हिरवं गवत. ‘दिवाळीपर्यंत दाणा दिसला न्हाई तर हिचं शेत मीच कसणार, बाईमाणसाला काय कळतंय,’ असं मामा चारचौघांत बोलले. हे गेल्यापासून त्या शेतावरच माझं पोट आहे. सगळे हसतात. उभ्या शेतात गुरं चरायला सोडून मोकळी होऊ का? उत्तर लवकर धाड, लोभ आहेच.

हाँगकाँग, ता. २७ सप्टेंबर १९०९

ती. अक्काच्या चरणी परशूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

गुरं सोडशील तर खबरदार! छावणीच्या फाटकाशी एक म्हातारा चिनी लोकांची पत्रं लिहीत बसतो. त्याला मोडक्यातोडक्या बोलीत तुझी चिंता सांगितली. त्यानं हे अक्षर काढून दिलं: 秀. वरचा भाग म्हणजे उभं पीक. त्यांच्या जुन्या पोथ्यांत याचा अर्थ निसवणं. पुढे गुणी माणसालाही तेच लावू लागले. पण रोपाचं अक्षर वेगळं आणि भरल्या दाण्याचं वेगळं. निसवलं म्हणजे पिकलं असं कुणी धरून चालू नये, असं तो म्हणाला. तेव्हा मामांना आधी मळणी करू दे. चिनी पंडित झालो म्हणून हसू नकोस. माया अशीच राहावी.

कुळगी, दिवाळी पाडवा

चि. परशूस अक्काचे पोटभर आशीर्वाद. जिंकले रे!

मामांचं भात फुलोऱ्यात असताना पाऊस कोसळला. लोंब्या ताठ उभ्या, आत दाणा नाही, नुसता फोल. माझं भात उशिरा, लख्ख उन्हात निसवलं, आणि आता लोंब्या दाण्याच्या भारानं वाकल्यात. तुझं पत्र आलं त्या दिवशी आनंदानं मी ते अक्षर बांधावरच्या दगडावर चुन्यानं काढलं. मामांना वाटलं, रानडुकरं हाकलायचा मंत्रच तो. त्यांनी आपल्या बांधावर त्याहून मोठं काढवून नारळ फोडला. डुकरांनी नारळही खाल्ला! मी तोंडाला पदर लावून हसले.

आज सकाळी मामा पंचांना घेऊन आले. शेत पुतळीचंच हाय, असं सर्वांसमोर म्हणाले. मग खाली मान घालून गरवं बी मागितलं. मी देईन म्हटलं, पण कधी पेरायचं ते मला विचारून. मामांनी व्हय म्हटलं.

तुझी अक्का
पुतळी