ज्वारीची लाट आणि समुद्राची

गुरुजी, मी समुद्र पाहून आलो. तुमच्यापैकी जो कोणी जाईल त्याने नीट पाहावे आणि मला येऊन सांगावे, असे आपण म्हणाला होतात. येऊन सांगण्याची सोय आता राहिलेली नाही. आपल्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तरी निरोप माझ्याकडे आहे आणि तो पोहोचवणे माझे काम आहे, म्हणून लिहितो. अक्षर आपणच वळवून घेतलेले आहे. वयाने थोडे बिघडले आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

चौथीचा वर्ग होता. शाळा उंचवट्यावर, आणि ओट्यावरून खाली पाहिले की येरमाळ्याच्या रस्त्यापर्यंत शाळू ज्वारी, कणसे भरलेली. पुस्तकात समुद्राच्या लाटेचा धडा आला आणि तळ्याहून मोठे पाणी आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. आपण पुस्तक मिटलेत, सगळ्यांना ओट्यावर उभे केलेत आणि म्हणालात, "ती पाहा लाट." वाऱ्याचा झोत वरच्या बांधापासून निघतो, कणसे एकामागून एक वाकत जातात आणि रस्त्यापाशी सारे शांत होते. मग आपण खाली उतरून आपला लाल काठाचा रुमाल एका धाटाला बांधलात आणि वर येऊन विचारलेत, "लाट पलीकडे गेली. रुमाल गेला का?" रुमाल गेला नव्हता. थोडा पुढे झुकला, थोडा मागे आला आणि होता तिथे उभा राहिला. "हलणे पुढे जाते, धाट जागेवर राहते. तीच लाट," असे आपण सांगितलेत.

माझ्या शेजारी तरटावर बसणारा पाटलांचा मुलगा मामाकडे मुंबईला जाऊन आलेला होता. तो उभा राहिला. "गुरुजी, म्या बघितलाय की समुद्र. पानी पळत येतंय अंगावर. माझी चप्पल नेली त्यानं. ज्वारी कुनाची चप्पल नेती व्हय?" वर्ग हसला. आपणही हसलात, पण आपले कान लाल झाले होते, ते मी पाहिले. आपण म्हणालात, "मी समुद्र पाहिलेला नाही, बाळ. काठावर तू म्हणतोस तसे असेल. पण आत, खोल पाण्यात, ज्वारीसारखेच असावे, असे मला वाटते." असावे, असे म्हणालात. आहे, असे म्हणाला नाहीत. तो शब्द मला तेव्हापासून टोचत राहिला.

परीक्षा संपली आणि आपली बदली लोहाऱ्याला झाली. एस.टी. निघाली, आपण खिडकीतून हात बाहेर काढलात आणि हलवलात. असला प्रकार आम्ही कधी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे मोठ्यांना हात जोडतात, आणि पंजा खालीवर केला तर त्याचा अर्थ एकच, इकडे या. सगळा वर्ग गाडीमागे धावत सुटला. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि मान बाहेर काढली. "काय गुरुजी, पोरं बी न्यायची का लोहाऱ्याला?" आपण खाली उतरलात. आम्ही धापा टाकत म्हणालो, "बोलावलंत न्हवं?" त्यावर आपण इतके हसलात की त्याच लाल काठाच्या रुमालाने डोळे पुसावे लागले. "अरे, याला निरोप म्हणतात. शहरात असाच घेतात." मग गाडी पुन्हा निघाली. सगळ्यांनी नव्या रीतीने हात हलवले. मी जोडले. गुरुजींना हात हलवणे मला पटले नाही.

माझे शिक्षण तिथेच संपले, कारण पाचवीचा वर्ग लांबच्या गावी होता आणि घरी कामाला हात हवे होते. पुढे येडशीजवळ रेल्वेच्या फाटकावर नोकरी लागली. आयुष्यभर हिरवी झेंडी दाखवली, त्यात कधी कसूर केली नाही. समुद्राकडे मात्र जाणे झाले नाही. यंदा मुलाने गाडी काढली आणि आम्ही कोकणात निघालो. नातीला इंग्रजीचा निबंध होता, 'वेव्ह' या शब्दावर. ती मोबाईलमध्ये पाहून वाचत होती. "आजोबा, लाट, लहर, तरंग, केसांची वळणं, हात हलवणं, उन्हाची लाट, शिवाय आवाजाची. सगळ्याला एकच शब्द."

मी म्हणालो, "गरीब भाषा दिसते. आपल्याकडे विहिरीत खडा पडला की तरंग उठतो, पाळणा हेलकावे घेतो, साप चावला की विषाची लहर चढते. प्रत्येकाला आपापले नाव आहे."

"मग त्यांनी सगळ्यांना एकच का दिलं असेल?"

मी तिला आपल्या रुमालाची गोष्ट सांगितली.

समुद्रावर पोहोचलो आणि पहिल्याच लाटेने माझी उजवी चप्पल नेली. गुरुजी, खरे सांगतो, आपण हरलात असे मला वाटले. मुलगा हसत होता आणि मला पाटलांच्या मुलाचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात लाटा फुटतात त्याच्या बरेच पलीकडे एक नारळ दिसला, कोणी सोडलेला असावा. नात म्हणाली, "येईल आता वाहून." मी एका पायात चप्पल घालून उभा राहिलो. मुलाने चहाला बोलावले, गेलो नाही. लाट येते, नारळ वर चढतो, थोडा पुढे, थोडा मागे, आणि खाली उतरतो तो होता तिथेच. लाट आमच्याकडे येऊन फुटते, नारळ तिकडेच. पुन्हा दुसरी, पुन्हा तेच. कितीतरी वेळाने नात हळूच म्हणाली, "आजोबा, तो जागेवरच आहे की. हात हलवतो तेव्हा आपणही जागेवरच असतो. म्हणून एकच शब्द." निबंधात तिने पहिली ओळ ज्वारीची घातली आहे. आपले अनुमान खरे ठरले, गुरुजी. 'असावे' नव्हे, आहे.

गावी परतलो तो थेट पाटलांकडे गेलो. तोच चपलेवाला मुलगा, आता म्हातारा, ओसरीवर पाय चोळत बसला होता. मी म्हणालो, "नारळ जागेवरच होता."

"कंचा नारळ?"

मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "आयला, तू आजून तेच धरून बसलास व्हय?"

"गुरुजी बरोबर होते, असे म्हण."

"व्हते बाबा, व्हते. पर चप्पल गेली का न्हाय तुझी?"

"गेली."

"मग मी बी बरोबर," म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. तो चहा मी ताठ बसून प्यालो.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकावे ते मला माहीत नाही. घडी करून कपाटात ठेवीन. एक गोष्ट मात्र घरी कोणाला सांगितलेली नाही. समुद्रावरून निघताना मी मागे वळलो आणि त्या नारळाकडे पाहून हात हलवला. जोडला नाही, हलवला, आपण खिडकीतून हलवला होतात तसा. नातीने विचारले, "कुणाला हात करताय?" मी म्हणालो, डोक्यावर कावळा आला होता, त्याला हाकलत होतो.