थर्माकोलची अणुभट्टी आणि मोडणीचा फंड

५ जानेवारी
आजपासून एकच मिशन. नवी अणुवीज केंद्रं येणार म्हणून पेपरात रोज कौतुक. पण ती जुनी झाल्यावर मोडायची कुणी, कचरा सांभाळायचा कुणाच्या पैशाने, यावर कुणी ब्र काढत नाही. वीज आपण जाळायची आणि खर्च नातवंडांच्या माथी, हा विश्वासघात आहे. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान देतो म्हणालो. अध्यक्षांनी जांभई देत होकार दिला. बीपीची गोळी असणार.

९ जानेवारी
नुसत्या भाषणाने लोक हलत नाहीत. गणपतीचं डेकोरेशन करणाऱ्या मयूरकडून थर्माकोलची अणुभट्टी करून घेतली. घुमट माझ्यापेक्षा उंच. कुसुम म्हणाली, नंतर ही ठेवणार कुठे? बायकोला पॉलिसी कळत नाही. कार्यक्रमाच्या वर्गणीतून हिच्या मोडणीचा फंड मी आधीच बाजूला काढलाय. पाकीट शेखरकडे. संघाचा खजिनदार आणि माझा शाळेपासूनचा मित्र. काहीही झालं तरी त्या पाकिटाला हात लावायचा नाही, हेच तर माझं तत्त्व.

१७ जानेवारी, संध्याकाळ
व्याख्यान तुफान. बरेच जण डोळे मिटून ऐकत होते. शेवटी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार. शाल भारीतली. मन भरून आलं.

१८ जानेवारी
भट्टी हलवायची म्हणून शेखरकडे पाकीट मागितलं. रिकामं. म्हणाला, शाल त्यातूनच आणली. सत्काराशिवाय कार्यक्रम बरा दिसत नाही, काहीतरी ॲडजस्ट कर, असं मीच फोनवर म्हणालो होतो म्हणे. म्हणालो असेन. म्हणून फंडाला हात लावायचा? शेखरने? फार लागलं मनाला. शाल परत देणार नाही. ती सन्मानाची आहे.

२० जानेवारी
हॉलवाल्यांनी भट्टी आमच्या पार्किंगमध्ये आणून टाकली. घंटागाडीवाला म्हणाला, एवढं धूड आम्ही नेत नाही. मयूर म्हणाला, करायचं ठरलं होतं काका, मोडायचे पैसे वेगळे. हाही उलटला. स्वतःच करवत घेतली. पांढरे दाणे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडाले. सेक्रेटरीबाई नाही नाही ते बोलल्या. काम तहकूब.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला अख्खी सोसायटी भट्टीला वळसा घालून गेली. ज्यांच्या नातवंडांसाठी एवढं केलं, त्यातला एकही मदतीला थांबला नाही. कुसुम स्कूटर रस्त्यावर लावते, माझ्याशी बोलत नाही. शेवटी घुमटावर ती शाल पांघरली. आता डोळ्यांना खुपत नाही. दुसरीतल्या आभाने विचारलं, आजोबा, हे कोण काढणार?

नातीला जवळ घेतलं. सांगितलं, तू मोठी झालीस की काढशील.