यादीतली अकरा पोती

९ फेब्रु. ९८, सोम.
कराडला सरांना प्रोग्रॅम दाखवला. प्रकल्प त्यांचा, प्रोग्रॅम माझा. खूश. पलूसच्या पुढच्या वाडीत सोसायटीच्या खोलीत एक कॉम्प्युटर, सांगलीत आमच्या ऑफिसात एक, मधे फोनची तार. शेतकऱ्याने तिकडे हळद नोंदवायची, मुंबईचा असो की सांगलीचा, खरेदीदाराने इकडे भाव टाकायचा. "मधे कुणी नाही" हे सरांचं लाडकं वाक्य. आज चार वेळा.

मधे माझे अब्बा आहेत. मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. सरांना माहीत आहे, ते विषय काढत नाहीत. अब्बांनाही माहीत आहे, ते रोज काढतात. "आमच्या रेहानानं बापाचं दुकान फोनच्या तारेत घालायचं ठरवलंय," असं येईल त्याला सांगतात, आणि वर त्याला चहा पाजतात. कौतुकच जास्त. हे चालेल असं त्यांना वाटतच नाही बहुतेक.

१४ फेब्रु., शनि.
सौदे बघायला गेले. सरांनी 'सिस्टिम स्टडी' करायला सांगितलंय. यार्डात बाई म्हणजे मी आणि झाडणाऱ्या दोघी. व्यापाऱ्यांचा घोळका या ढिगाकडून त्या ढिगाकडे. कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, कुणी दाताखाली धरतो. मग अब्बांनी हातावर रुमाल टाकला. एकेकाने खाली हात घालून त्यांची बोटं दाबली. तोंडातून अक्षर नाही. कुणी किती बोलला ते फक्त अब्बांना ठाऊक. मालाचा मालक बाजूला उभा, रुमालाकडे बघत.

वहीत लिहिलं: भाव झाकलेला. हे बंद व्हायला हवं. अब्बांनी वाकून वाचलं. "बरुबर लिवलंस. पर झाकल्यामुळं काय काय राहतं ते न्हाई लिवलंस." काय राहतं विचारलं तर म्हणे, "बघ तुझं तू." असलं कोड्यात बोललं की माझं डोकं फिरतं.

३ मार्च, मंगळ.
वाडीत. संपतराव, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत, म्हणून त्यांचाच. रोज सकाळी पुसतात आणि कुंकू वाहतात. मागच्या वेळी सांगितलं होतं, बटणांवर वाहू नका. मान डोलावली होती. आज एंटरवर पुन्हा कुंकू. मी पण सोडून दिलं. इतक्या प्रेमाने कुणी माझ्या कामाकडे बघितलेलं नाही.

नोंदी आठ. सात पुरुष, सगळे 'बघू की'वाले. आठवी शालनताई. सगळे गेल्यावर आली. नवरा मिलिटरीत, सध्या आसामकडे. घर एकत्र, शेती दीर बघतो, बापू नावाचा. घरची तीस पोती सांगितली, मग दाराकडे बघून, "आनि अकरा सांगलीत हायती. तुमच्याच वडलांच्या गुदामात."

गेल्या साली माहेरी वीस गुंठे खंडाने घेऊन भावाकरवी हळद केली. घरात कुणाला पत्ता नाही. ती विकून रस्त्याकडेला दोन गुंठे जागा घ्यायची, नवरा पेन्शनीवर येईल तोवर वेगळं घर. "भांडान न्हाई कुनाशी. बापू चांगलाच हाय. पर दार आपलं पायजे." मग, "ह्यात घाटलं तर दिसंल का कुनाला?"
मी म्हटलं, फक्त घेणाऱ्याला. अगदी ठणकावून.

संध्याकाळी अब्बांना विचारलं, वाडीच्या शालनताईंची पोती आपल्याकडे आहेत? पेपर खाली न करता, "कोण शालनताई?" खोटं बोलताना ते नेहमी पेपर वाचतात. वर्षभर माल आमच्याच गोदामात, आणि मला, अम्मीला, कुणाला कळलं नाही.

१६ मार्च, सोम.
पहिला भाव आला!! मुंबईचा मसालेवाला, शालनताईच्या अकरा पोत्यांवर. परवाच्या सौद्यापेक्षा बरा. मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. सरांना फोन. त्यांनी लगेच पुढचं सुरू केलं: पुढच्या महिन्यात अधिकाऱ्यांना बोलावू, हा पहिला व्यवहार त्यांच्यासमोर. आणि रोजची यादी वाडीतही छापून जाऊ दे, लोकांना कळू दे काय चाललंय.

वाडीसाठी वेगळी यादी करायची म्हणजे दोन दिवस. खरेदीदाराला जाते तीच तिकडे जोडली. पाच मिनिटांत झालं.

१९ मार्च, गुरु.
दु. बाराला शालनताईचा फोन, वाडीच्या एस.टी.डी. वरून.
"तुमी म्हनला हुतासा, घेनाऱ्यालाच दिसंल."
एवढंच. रडली नाही. ठेवलाही नाही फोन. तिकडे मीटर पळत असणार.

झालं ते असं. संपतरावांनी यादी छापली आणि अभिमानाने डेअरीच्या भिंतीला चिकटवली, जिथे सकाळ-संध्याकाळ अख्खी वाडी दूध घालायला येते. नाव, पोती, कुठे ठेवलीत, सगळं सुवाच्य मराठीत. (मराठी अक्षरं नीट छापून येण्यासाठी मी महिना घातला होता.) बापू दूध घालायला आले आणि वाचलं: घरी ३०, सांगली ११.

मी सांगितलं होतं तिला. मी.

२० मार्च, शुक्र.
पहिल्या गाडीने वाडीत. डेअरीपाशीच बापू भेटले. मोठ्याने बोलतील म्हणून मनाची तयारी करून गेले होते, तर बसायला खुर्ची दिली. "ताई, तुमचा काय दोष न्हाई. पर एका चुलीवर जेवतो आमी. वैनीनं एवडं झाकावं व्हय?" आणि थोड्या वेळाने, "घरात पिकलं ते घरातच आलं पायजे. अकरा पोती घरात येत्यात. मग वैनीला न्हाई विचारायचो काय."
म्हणजे जागा गेली. दारही गेलं.

शालनताईने परसात नेलं. शेणी थापत थापतच बोलली. "मशीन चुकलं म्हनून सांगा. दुसऱ्या कुनाची अकरा माज्या नावाखाली पडली म्हना."
मशीन चुकलेलं नाही, हे तिलाही माहीत आहे.

तोवर आठातल्या पाचांनी नावं काढली. एक म्हातारबा: "पोरीची सोयरीक चाललीया. बगाय आलेल्या पावन्यानं आमचा आकडा भित्तीवर वाचला." कुणाकडे किती, हे इथे चारचौघांत बोलायची गोष्टच नाही. जन्म सांगली जिल्ह्यात, बाप अडत्या, आणि मला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. यादी जोडताना सुचलं नाही.

घरी अब्बा जेवत होते. सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. नाही हसले. "माझ्या दुकानात भावाचं भावाला कळत न्हाई. नवऱ्याचं बायकूला न्हाई, बायकूचं नवऱ्याला न्हाई. तुझ्या मशीनला सगळं हाय गं. पोट तेवडं न्हाई." मग माझ्या ताटात भाकरी वाढली. इतकं वाईट शेवटचं कधी वाटलं होतं आठवत नाही.

२३ मार्च, सोम.
सांगून आले.

सकाळी सातला डेअरीपाशी, किटल्यांच्या रांगेसमोर. प्रोग्रॅममध्ये चूक होती, दुसऱ्या गावच्या नोंदीतली अकरा पोती शालनताईंच्या नावाखाली गेली, माझी चूक, माफ करा. रांगेतून कुणीतरी, "मशीनबी चुकतंय व्हय रं?" हशा. बापू हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. शालनताई विहिरीकडे तोंड करून उभी.

संपतरावांनी भिंतीवरची यादी नखाने खरवडून काढली. खोलीत गेले तर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला, आज कुंकू नाही. हे मला सगळ्यात लागलं.

सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर चाललेला प्रोग्रॅम तू चार लोकांत चुकीचा ठरवलास. आता उद्या भाव बरोबर दाखवला तरी कोण विश्वास ठेवणार?" अधिकाऱ्यांचा कार्यक्रम रद्द. सर चुकीचं बोलत नव्हते. मी तरी पुन्हा तेच केलं असतं. दोन्ही खरं, काय करू.

२ एप्रिल, गुरु.
वाडीच्या यादीतून नावं काढली. फक्त नोंदीचा नंबर, मालाचा दर्जा, भाव. ज्याचा नंबर त्यालाच माहीत. खरेदीदारालाही नाव सौदा ठरल्यावरच. बरोबर दोन दिवस लागले. तेव्हा वाचवले होते तेच.

अब्बांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं. "आता जरा रुमाल टाकल्यागत वाटतंय." दुकान बुडवायला निघालेल्या पोरीला बाप युक्त्या सांगतो, कुठे लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्यांनी अजून एक सुचवलं: एकाच माणसाच्या दोन नोंदींना लागोपाठचे नंबर देऊ नकोस. मला सुचलं नसतं.

नोंदी तीन. मुंबईवाल्याचा रोज फोन, ती अकरा पोती कुठे गेली? माल थांबवलाय म्हटलं. वीस तारखेपर्यंत भाव कायम ठेवतो म्हणाला.

८ एप्रिल, बुध.
बकरी ईद. घर भरलेलं. वाडीचे दोन-तीन शेतकरीही सरबत प्यायला, दरवर्षीचे. कॉम्प्युटरचा विषय कुणी काढला नाही, माझ्यासमोर मुद्दाम टाळत होते. संपतराव आले नाहीत. मागच्या महिन्यात येतो म्हणाले होते.

१५ एप्रिल, बुध.
दुपारी दुकानात शालनताई. एकटी, उन्हातून, हातात पिशवी. मला वाटलं माल न्यायला. अब्बांनी पाणी दिलं आणि कधी नव्हे ते स्वतः उठून बाहेर गेले.

ती म्हणाली, परवा बापू जेवायच्या आधी पाया पडला. जावेसमोर, पोरांसमोर. "वैनी, मशीनचं आयकून तुमच्यावर आळ घेतला, माजं चुकलं, म्हनला. आनि कोठीची किल्ली माज्या हातात दिली. म्हनला आता तुमीच बगा सगळं."
पिशवी मांडीवर घेतली.
"घास उतरंना ओ. दोन दिस झालं."

मी म्हटलं, मग आता?
"तुमच्या यादीत परत घाला. अकरा. नावासकट घाला."
नावं आता येत नाहीत, फक्त नंबर येतो म्हटलं. ती ऐकेना. "माज्या हातानं केलंय, चोरून आनलं न्हाई. फकस्त झाकलं. ह्यांनाबी पत्र टाकलंय, समदं लिवून. आता भित्तीवर लागू दे. घरात सांगाय गेलं की जीभ वळत न्हाई. एकदा वाचू दे त्याला, मग बोलीन मी."

मला वाटलं, बापूंना यातून काय कळेल ते हिच्या लक्षात आलं नसावं. म्हणून स्पष्टच बोलले. नाव लागलं म्हणजे मशीन बरोबर होतं, आणि मी डेअरीसमोर खोटं बोलले.
"व्हय," म्हणाली. "त्येच इचाराय आले."

म्हणजे सगळं लक्षात होतं. मागायला नाही, विचारायला आली होती. मी नाही म्हटलं असतं तर पिशवी उचलून गेली असती. उद्या सांगते म्हटलं. पाच वाजताच्या गाडीला अब्बा तिला स्टँडवर सोडून आले.

१६ एप्रिल, गुरु.
सरांना फोन केला. ऐकून म्हणाले, "मशीन खरं ठरेल, तू खोटी. मला चालेल का विचारतेस?" मी म्हटलं नाही, कळवतेय. मग ते हसले. महिन्यात पहिल्यांदा.

तिच्या एकटीच्या नोंदीला नाव दिसेल अशी सोय केली. पंधरा मिनिटं लागली. मालकाने मागितलं तरच. माल ११ पोती, सांगली. भाव मुंबईवाल्याचा, वीस तारखेपर्यंत. सेव्ह केलं. भीती वाटते. पाच जण आधीच गेलेत, शालनताई सोडून उरलेले दोघेही जातील, आणि त्यांचं चुकतंय असं कुणी म्हणू नये. बापू घरातला हिस्सा मागतील की किल्ली परत घेतील, की नुसतेच बघतील माझ्याकडे, ते सांगता येत नाही.

संपतरावांना आधी फोन करून सांगितलं. सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आपलं मशीन चुकलं नव्हतं?"
नव्हतं म्हटलं.
"बरं," म्हणाले. "यादी उद्या नऊला काढतो. शालनताईंना निरोप देतो."

पहिली गाडी सव्वापाचला आहे. डेअरीत बापू सातला येतात. यादी लागायच्या आधी त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं, माझं खोटं मीच सांगायचं. काय बोलायचं ते अजून जुळत नाही. तीनदा लिहून खोडलं.