फाटकाची राखण

२ मार्च

आलो एकदाचा. दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि खिडकीखाली हजारभर शेजारी. त्यातला एकही रेडिओ मोठ्याने लावणार नाही. लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, बाबा, निवृत्तीनंतर लोक टेकडीवर घर बघतात, तुम्ही दफनभूमीत जाऊन राहता. आता तिला काय सांगू? जन्म छापखान्यात गेला. मुद्रितं तपासून डोळे गेले आणि यंत्रांच्या खडखडाटाने कान किटले. शांतता हवी होती, ती मिळाली, आणि वर पगार देतात.

काम सोपं आहे. शहरातली ही सर्वांत जुनी दफनभूमी. आता इथे कुणाला पुरत नाहीत, त्यासाठी शहराबाहेर नवी जागा आहे. इथे लोक नुसते बघायला येतात. दगडात कोरलेल्या वेली, मान कललेले देवदूत, सुरूच्या रांगा, त्यांच्यामधून जाणाऱ्या खडीच्या वाटा. मी सकाळी फाटक उघडायचं, आलेल्यांना वाट दाखवायची आणि संध्याकाळी बंद करायचं. खोल्या फाटकाच्या कमानीवरच आहेत, त्यामुळे कामावर उशीर व्हायची सोय नाही.

सामान लावलं. बायकोच्या रक्षेचा पितळी डबा कपाटात, माझ्या शर्टांशेजारी ठेवला. ती असती तर आधी खिडकीच्या काचा पुसल्या असत्या. शेवटी मीच पुसल्या. धाक अजून आहे.

५ मार्च

माळीबुवांशी गट्टी जमली. वय माझ्याहून जास्त, कंबर वाकलेली, तोंड मात्र सरळ चालतं. माझी खुरपं धरायची पद्धत पाहून म्हणाले की पेन धरल्यासारखं धरू नका, ते काही लिहीत नाही.

संध्याकाळी निघताना ते फाटकाजवळच्या भिंतीकडे बघून म्हणतात, 'पोस्टमनदादा, येतो.' मी विचारलं कुणाला, तर त्यांनी इथली जुनी समजूत सांगितली. सर्वांत शेवटी इथे आलेला माणूस फाटक राखतो. पुढचा येईपर्यंत तिथे उभं राहायचं. पुढचा आला की आधीचा सुटला, तो आपल्या जागी जाऊन पडायला मोकळा. शेवटी पुरलेला माणूस पोस्टमन होता, आणि त्याच्यानंतर दफनभूमीच बंद झाली. म्हणून बिचारा अजून उभाच.

मी विचारलं, पाय दुखत नसतील का त्याचे? माळीबुवा म्हणाले, ज्याने दारोदार फिरून जन्म काढला त्याला उभं राहण्याचं काय मोठं. मला हसू आलं. पण उद्यापासून मीही 'येतो' म्हणणार. शेजारधर्म आहे.

११ मार्च

आज बरीच माणसं आली. एक चित्रकार बाई रोज येतात, घडीचं स्टूल मांडून देवदूतांची चित्रं काढतात. नवरा नवीन दफनभूमीत आहे, पण तिथे नुसत्या सिमेंटच्या रांगा, म्हणून त्याची आठवण काढायला त्या इथे येतात. स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाल्या की दुधाची तहान ताकावर. एक जोडपं आजोबांच्या थडग्यावर फुलं ठेवून गेलं. एक म्हातारे गृहस्थ बहिणीच्या शिळेला टेकून तासभर बसले होते आणि जाताना तिला कुठल्याशा भाच्याची तक्रार सांगून गेले.

मला त्यांचा हेवा वाटला. खरंच वाटला. मी कपाटासमोर बसून बोलायला गेलो तर शर्टांशी बोलतोय असं वाटतं. चाळीस वर्षं जिच्याशी भांडलो तिला एक जागा नको का?

१४ मार्च

केलं. दुपारी माळीबुवा जेवायला गेले तेव्हा डबा घेऊन खाली उतरलो. पूर्वेच्या भिंतीलगत पांढऱ्या गुलाबांचा ताटवा आहे, तिथे माती उकरली आणि तिची सगळी रक्षा आत घातली. माती वर ओढून हाताने थापली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कचेरीने नियम दाखवला असता.

मग तिथे बसून खूप बोललो. रडलोही. संध्याकाळी लेकीला सांगितलं की तुझ्या आईला फार छान जागी ठेवलंय. ती पण रडली. म्हणाली, मी येते बघायला. बऱ्याच दिवसांनी आज शांत झोपेन.

१५ मार्च

सकाळी माळीबुवा फाटकात थबकले. भिंतीकडे बघत कितीतरी वेळ उभे होते. मग म्हणाले, पोस्टमनदादा गेले. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, आपल्या घरातून कुणी गेलं की कळायला सांगावं लागतं का?

मग त्यांनी विचारलं, कुणी आलंय का इथे? मी नाही म्हणालो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताटव्याला पाणी घालायला ते पाइप घेऊन गेले तेव्हा जीव जरा खालीवर झाला, पण त्यांना काही दिसलं नाही.

१९ मार्च

फाटकात तिच्या मलमाचा वास येतो. गुडघ्यांना चोळायची ते, कापूर घातलेलं. दोन वर्षं आमचं घर त्या वासाने भरलेलं होतं. आज सकाळी कुलूप काढताना आला आणि मला इतका आनंद झाला की मी कुलूप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती आहे! जवळ आहे! तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. लेकीला बढती मिळाल्याचं, माझ्या चष्म्याची काडी तुटल्याचं.

खोलीत आल्यावर मनात आलं, वास ताटव्याजवळ का येत नाही? फाटकात का?

मग ती समजूत आठवली. ताट बाजूला सारलं आणि खिडकीतून फाटकाकडे बघत बसलो.

२२ मार्च

तिला उभं राहता येत नव्हतं. शेवटची दोन वर्षं ओट्याशी चहा उकळेपर्यंतसुद्धा नाही. 'जरा हात द्या' म्हणायची आणि मी हातातलं टाकून जायचो. मी तिला गुलाबात निजवायला गेलो आणि पहाऱ्यावर उभी केली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आज चित्रकार बाई सांगत होत्या की फाटकात भिंतीला टेकून एक बाई उभ्या होत्या, पाय फार सुजलेले. त्यांनी हात मागितला. यांनी दिला. हात गार होता, आणि पकड अशी की सुटता सुटेना. मग वळून बघतात तर कुणी नाही. बाई हे हसत हसत सांगत होत्या. त्यांच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते.

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

२६ मार्च

चित्रकार बाई गेल्या. माळीबुवांना त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. हात गार पडत गेला, मग खांदा, मग छाती. डॉक्टरांना काही समजलं नाही. त्यांना नव्या दफनभूमीत नवऱ्याशेजारी ठेवलं.

म्हणजे त्या इथे आल्या नाहीत. म्हणजे माझी बायको सुटली नाही. ती पुन्हा कुणाचा तरी हात मागणार.

माळीबुवांना सगळं सांगितलं. ते वाटेवरच खाली बसले. मग आम्ही दोघांनी ताटवा उकरला. इतके दिवस रोज पाणी पडलं होतं. रक्षा मातीत विरली होती, मुळांनी धरली होती. मी ओंजळी भरभरून माती बाहेर काढत होतो. शेवटी माळीबुवांनी माझे हात धरले.

'भाऊ, आता माती कुठली आणि वहिनी कुठल्या, ते देवालाही निवडता येणार नाही.'

कचेरीला कळवलं की फाटकाचं बिजागर निखळलंय, कुणाच्या अंगावर पडेल. दुरुस्तीसाठी बंद, अशी पाटी लावली. निदान आता कुणी येणार नाही.

२८ मार्च

दिसली.

भर दुपारी. ऊन लख्ख पडलेलं. भिंतीला पाठ लावून उभी होती, एक पाय उचलून दुसऱ्यावर, मग तो टेकवून पहिल्यावर. तीच निळी साडी. मी तिला हाक मारली, घरातल्या नावाने. चाळीस वर्षं तिने मला 'अहो' म्हटलं. आज तिने माझ्याकडे पाहिलं ते रस्त्यावरच्या माणसाकडे पाहतात तसं.

'कोण आहात हो तुम्ही? जरा हात देता का?'

चेहरा तिचाच होता, आवाज तिचाच होता, पण डोळ्यांत मी कुठेच नव्हतो. पोस्टमनने हे इतकी वर्षं सहन केलं. हिला काही दिवसांत हिची माणसंही आठवेनाशी झाली. दुखणं एवढं असेल तर दुसरं काय आठवणार?

मी हात दिला नाही. पळालो. माझ्याच बायकोपासून जिना चढून पळालो, आणि दाराला आतून कडी घातली.

३० मार्च

लेक रविवारी येणार म्हणते. आईची जागा बघायची आहे.

नको म्हणालो. फाटक नादुरुस्त आहे म्हणालो. म्हणाली, गजांतून बघेन. मग खरं सांगितलं. सगळं. ती फार मऊ आवाजात म्हणाली, बाबा, तुम्ही एकटे राहू नका, मी तुम्हाला घेऊनच जाते. हट्टी. आईवर गेली आहे.

ती आईला बघेल. आई हात मागेल. कोणती मुलगी आईला हात देणार नाही?

रविवारच्या आत कुणीतरी इथे यायला हवं. इथे म्हणजे इथेच, या मातीत. दुसऱ्या कुणाचं नाव मनातसुद्धा आणणार नाही. माझे पाय अजून चांगले आहेत. मी उभा राहीन.

माळीबुवांकडून वचन घेतलं. ते नाही नाही म्हणत होते. मग लेकीचा फोटो दाखवला. मग हो म्हणाले.

३१ मार्च

हात दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला, पूर्वी टाकायची तसाच. तोंडावरचा ताण क्षणभर गेला. मला वाटलं, आता 'अहो' म्हणेल.

नाही म्हणाली.

१ एप्रिल

कोपरापर्यंत गार. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर बघा कसं — छापखान्यात असं अक्षर आलं असतं तर परत पाठवलं असतं.

माळीबुवांनी ताटव्यामागे खड्डा घेतला. सरळ, स्वच्छ. त्यांचं काम तसंच असतं.

चित्रकार बाईंना लागला तेवढाच वेळ मला लागला तर शनिवारी संध्याकाळी — रविवारी लेक येईल तेव्हा फाटकात मी असेन. मी नाही मागणार हात. तिच्याकडे तर नाहीच. काहीही झालं तरी. मला तिचा विसर पडला तरी —

पडेल का?

२ एप्रिल

पलंग खिडकीशी लावून घेतला. खांदा गेला, उठून उभं राहवत नाही. आवाज गेला, नुसता वारा येतो.

ती खाली आहे. पाय बदलते. पाय बदलते. तिला सांगावंसं वाटतं, जरा कळ काढ ग, येतोच आहे.

२ एप्रिल, दुपारी

माळीबुवा रडताहेत. त्यांनी लेकीला फोन केला. काल. म्हणाले, पोरीने बापाचं तोंड तरी बघावं, मला राहवलं नाही. वडील फार आजारी आहेत एवढंच सांगितलं. ती रात्रीच निघाली —

रविवारी नाही. आज.

मी त्यांना बोट दाखवलं. खाली, फाटक, रस्ता. त्यांना कळलं. वाकलेल्या कमरेने मागच्या भिंतीतल्या छोट्या दाराने पळत गेले. स्टेशनच्या रस्त्याला गेले, तिला अडवायला.

तिने टॅक्सी केली असेल तर. टॅक्सी नदीकडून येते —

आली. नदीकडूनच.

उतरली. पाठीवर पिशवी, हातात पिशवी. वाळली आहे. पाटी वाचते.

वर बघ. पोरी, वर बघ. काचेवर बोटं आपटतो, आवाज होत नाही —

फाटकाला कुलूप आहे. कुलूप आहे. किल्ली माझ्या उशाशी आहे.

गजांशी आली. थांबली. कुणाशी तरी बोलते. तोंडावर हात नेला. रडते आणि हसते, दोन्ही. 'आई' म्हणाली, ओठांवरून कळलं.

आई तिला ओळखत नाही. ती फक्त विचारते आहे.

पिशवी खाली ठेवली. बाही वर केली. गजांतून हात आत —