कमलचा मेमो

सोलापूर, गुरुवार, १७ जून १९७६

१. सकाळी कचेरीत साहेबांना सांगितलं की कालव्याच्या नकाशातलं चुकीचं माप माझं होतं, शेजारच्या टेबलावरच्या कमलचं नव्हे.
२. त्यांनी कमलचा मेमो रद्द केला.
३. तसाच मेमो मला दिला.

मेमो मिळूनही हलकं वाटतंय. हे आधीच का नाही केलं?

आत्याला नीट दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचून दाखवते. वर्षाचा तक्ताच आखलाय. पण शुक्रवारी तिने मला एका ओळीवर थांबवलं: देवापुढे अर्पण आणण्याआधी दुखावलेल्या माणसाशी समेट कर.

"पुढचं नको. हे अजून माझं झालं न्हाई."

"आत्या, तक्ता मागे पडतोय."

"पडू दे की. तक्त्याला कुठं स्वर्गात जायचंय?"

चार संध्याकाळी तीच ओळ. सोमवारी ती शेजारच्या काकूंकडे गेली. नळावरून भांडण झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या. येऊन म्हणाली, "माझं झालं. तुझं?"

तिला कसं कळलं? मी तर काहीच बोलले नव्हते. कमल माझ्यामुळे बोलणी खात होती, तेव्हाही नाही.

मंगळवार-बुधवारही त्याच ओळीवर गेले. आज पुढची ओळ वाचली. तक्त्यावर खूण करायचं लक्षातच राहिलं नाही, पुढे काय आहे ते हवं होतं.

उद्या कमलला द्यायची चिठ्ठी:

"कमल, चूक माझी होती आणि मी गप्प बसले. माफ कर. पुन्हा माझ्याबरोबर डबा खाशील का, ते शनिवारपर्यंत सांग."