तुझ्या कानाच्या मापाचा डबा

प्रिय दादा,

काल रविवारी तेल्हाऱ्याचे श्रीरामकाका चहा तसाच ठेवून उठून गेले, म्हणून लिहायला बसले. तुझ्या डब्याला मी हात लावला रे! तू असतास तर आधी दोन शिव्या हासडल्या असत्यास.

कापसाने लोकांना रडवलं त्या वर्षांत घराघरांतल्या रेकॉर्डी भंगारात निघाल्या. अकोल्याच्या बाजारातून तू त्या उचलायचास, कोणाच्या घरातली ते शोधून निरोप धाडायचास, "तुमची रेकॉर्ड माह्याजवळ हाय. रविवारी या अन् ऐकून जा." माणसं एसटीने यायची. तू गेल्यावरही येतात. त्यांना दारातून परत कसं पाठवू?

पण तुझा तो रेकॉर्डचा आवाज वाढवणारा प्रीअॅम्प! बिस्किटाच्या डब्यात तूच जोडलेला. रेकॉर्ड कोरताना बारीक, टिपेचा आवाज मुद्दाम चढवतात, वाजवताना हा डबा तो उतरवतो, हे मला सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवताना तूच सांगितलंस. आणि स्वतः काय केलंस? वयाने बारीक आवाज तुला ऐकू येईना, तर डब्यातला तो उतरवणारा कपॅसिटर काढून आणखी लहान बसवायचास, मग आणखी लहान. उतरवणंच बंद! बाईचा सूर सुईसारखा कानात घुसायचा.

"दादा, कान फाटून राह्यले!"

"तुह्येच कान खराब झाले व!"

कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की ताटावरून उठायचास. कसला रे एवढा हट्ट?

परवा मी डबा उघडला. तुझा कपॅसिटर काढून बरोबर मापाचा बसवला. आवाज काय मोकळा झाला, दादा! पेटी, तबला, सगळं जागच्या जागी. वाटलं, काका खूश होतील. त्यांच्या लग्नात वाजलेली, तू इतकी वर्षं त्यांना ऐकवलेली रेकॉर्ड लावली.

त्यांची मान हललीच नाही. "पोरी, हे माही रेकॉर्ड नाई."

"तुमचीच आहे काका. कव्हरवर काकूंचं नाव आहे, बघा."

"मंग तुहा भाऊ कुठी गेला याच्यातून?"

ते गेले आणि मी दाराला टेकून हमसून हमसून रडले. तू गेलास त्या दिवशी आल्यागेल्याचं बघता बघता रडायचं राहूनच गेलं होतं.

तुझा कपॅसिटर मी फेकला नव्हता. आज डब्याला एक बटण बसवलं. एकीकडे बरोबर माप, दुसरीकडे तुझं. तुझ्या बाजूला ढकललं आणि तोच मेला कर्कश आवाज! कान फाटले. पण बंद करवेना.

पुढच्या रविवारी काकांना आणायला मीच तेल्हाऱ्याला जाते. मी आहे तोवर ते बटण कोणाला काढू देणार नाही, दादा. आणि एक दिवस माझेही कान जातील. तेव्हा तुझं माप मला बरोबरच वाटेल बघ!

तुझी, खराब कानांची,
बेबी