डावीकडची माती

राजकोट,
संक्रांतीचा दुसरा दिवस

सोनमताईला धाकट्या युवराजचा नमस्कार. मी हितं बरा हाय. तिळगूळ हितल्या दुकानातनं आणला, पर दात लागंना इतका कडक. अंथुर्ण्यात ऊसतोडीची टोळी आली का?

फोनवरच बोललो असतो, पर तू फोन आईम्होरं स्पीकरवर टाकतीस. म्हणून कागद. सातवीतनं पळालेल्याचं अक्षर हाय, सांभाळून घे.

हैदराबाद सोडलं, सुरत सोडली, ही फाउंड्री बी सोडणार असं आई म्हणती. पर काम शिकलो. लाकडाचा पॅटर्न काळ्या मातीत दाबायचा, उचलायचा, आन् राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. उचलताना कडंची माती थोडी संगं येतीच. उस्ताद वरडत न्हाय. ओल्या बोटानं कड सारखी करतो. म्हणतो, साचा मेला न्हाय, नुसता खरचटलाय.

तवा तुझी आठवण येती. कॅन्सरपायी डावी छाती गेली, तिथं डॉक्टरनं ते सिलिकॉनचं बसवलं. आता ते आत फुटलंय, बदलायला पायजे, हे बारामतीच्या डॉक्टरनं सांगून दिवाळी उलटली. तुझं एकच, "त्याच्याभोवती माझं मांस धरलंय रं. काढताना ते बी जाणार. दर बारीला थोडी थोडी गेले तर मी उरणार किती?"

डॉक्टर म्हणला व्हता, थोडं जाईल, कमी पडलं तर पाठीचं आणून लावू. तू त्यातलं 'जाईल' तेवढंच ऐकलंस.

आईचं चुकलं ते खड्ड्याचं. बाळाची वार पुरतात तसं, निघंल ते आपल्याच मातीत गेलं पायजे म्हणून तिनं बांधावर तांब्याएवढा खड्डा आधीच खणून ठिवला. आप्पाचुलते हसले बी, "वैनी, पोरगी अजून घरात आन् खड्डा तयार!" मग तू ऑपरेशनची तारीख पुढं ढकललीस. खड्डा उघडाच राहिला. उघडा खड्डा मागत ऱ्हातो, हे आईनंच आपल्याला शिकवलेलं.

आता जे दिवाळीत सांगितलं न्हाय ते. तू आन् आई तपासणीला बारामतीत मुक्कामी व्हता, तवा मी तो बुजवला. धुम्मस मारून माती घट्ट ठोकली. सकाळी बघतो तर उघडा. आन् लांब झालेला. कुदळीचा घाव न्हाय, बाहेर मातीचा ढीग न्हाय. पॅटर्न उचलल्यावर साच्यात आकार ऱ्हातो, तसा. पालथ्या झोपलेल्या बाईचा. तुझ्या उंचीचा. उजवीकडं छातीचा खळगा व्हता. डावीकडं माती सपाट.

मी पिशवी भरली आन् पळालो. तुला वाटलं असंल, ह्याचं नेहमीचंच.

मोठ्या कामाचे साचे आमी हितं जमिनीतच करतो. काल कुलूप काढून आत गेलो तर मातीत तीच तू. अजून कुणी पॅटर्न लावलेला न्हाय. पर ह्या बारीला डावीकडं बी खळगा व्हता. कड जरा खचलेली, आन् तिथं कुणीतरी बोट फिरवून सारखी केलेली. उस्ताद तर गावाला गेलाय. मी हात लावला. माती कोमट व्हती.

ताई, मला भ्या वाटतंय, पर दिवाळीसारखं न्हाय.

तू तारीख घे. निघंल ते डॉक्टरकडंच राहू दे, घरी आणू नको. आई रडंल, रडू दे. बांधावरचा खड्डा मी येऊन बुजवतो, आन् उजाडंस्तवर त्याच्यावर बसून ऱ्हातो. पळत न्हाय.

सुपरवायझर हितं त्याच साच्यात लोखंड ओतायची घाई करतोय. त्याला म्हणलं, साचा वला हाय, अंगावर उडंल, वाळू दे. तो किती थांबंल म्हाईत न्हाय. तवर हो म्हण.

तुझा साचा राखत बसलेला,
युवराज